‘अरे’ची कोरी बाजू

आम्ही बसलो होतो नाणी जमवायला आणि जमून बसले किस्से. नाण्यांचं बरं असतं. विकता येतात, बदलता येतात, कोणाला फारच आवडली तर देऊन टाकता येतात. किस्से कोण घेतो? ते आपल्याकडेच राहतात, आणि ज्यांना ऐकवायचे ती माणसं एकेक करून उठून जातात. एकेकाळी आमच्या बाकड्यावर जागा पुरायची नाही, एक जण कायम उभा असायचा. आता रविवारी मी जातो तेव्हा बाकडं रिकामं असतं आणि मी मधोमध बसतो. ते काही बरं वाटत नाही.

बाकडं म्हणजे चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत रशीदभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या समोरचं. मी रामटेके. सगळी नोकरी थर्मल पॉवर स्टेशनच्या लॅबमध्ये पाणी तपासण्यात गेली आणि सगळं आयुष्य ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. लग्न राहून गेलं. का राहिलं ते विचारू नका, त्याचा किस्सा होत नाही.

आम्ही चौघं होतो. रशीदभाई, मी, गडचांदूरहून बसनं येणारे उरकुडेभाऊ आणि भामरागडकडे शाळेवर असलेले कोवे गुरुजी. गुरुजी पावसाळ्यात यायचे नाहीत, कारण नद्या चढल्या की त्यांचा रस्ता बंद व्हायचा. दिवाळीच्या आसपास एका रविवारी अचानक "जोहार" म्हणून समोर उभे राहायचे आणि आम्ही सरकून जागा करायचो.

* * *

ऊर्जानगरात माझे शेजारी आम्हाला भंगार क्लब म्हणायचे. मला राग यायचा. एकदा रविवारी आम्ही तांब्याची जुनी नाणी बाकड्यावर मांडून बसलो होतो. रशीदभाईंच्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग, गुरुजींच्या हातात ब्रश, मी वजन करतोय. रस्त्यावरून एक खराखुरा भंगारवाला गाडा ढकलत चालला होता. तो थांबला. आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. आम्ही एकेक नाणं उचलतो, उलटतो, भिंगाखाली धरतो, परत ठेवतो.

शेवटी त्याला आमची दया आली.

"भाऊ," तो म्हणाला, "इतकं बारीक पाह्यलं तं धंदा नाई होत."

आणि गाडा ढकलत निघून गेला. त्या दिवसापासून मी शेजाऱ्यांवर चिडणं सोडलं.

* * *

आता ‘अरे’चा किस्सा. हा आमच्या क्लबचा मुख्य किस्सा, बाकीचे याच्याच पोटातून निघाले.

उरकुडेभाऊ गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात क्रेन चालवायचे. तिथं नवीन मशीन बसवायला स्वीडनहून एक इंजिनिअर आला. वयस्कर, उंच, भुवयासुद्धा पांढऱ्या. गेस्ट हाऊसमध्ये एकटाच राहायचा. दिवसभर तो खाली आणि उरकुडेभाऊ वर क्रेनमध्ये. दोघांचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. मध्येच साहेब तापानं पडला. गेस्ट हाऊसचं तिखट त्याला जाईना. हे ऐकून उरकुडेबाईंनी मऊ भात आणि फोडणीशिवाय वरण पाठवलं. बरा झाल्यावर सांबारवडी पाठवली. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी इडलीची वाट पाहू नये.) साहेबाला वडी इतकी आवडली की मशीन बसेपर्यंत डबा चालूच राहिला.

जायच्या दिवशी साहेबानं चामड्याच्या पाकिटातून तांब्याचं एक जाड, काळपट नाणं काढलं. पणजोबांच्या डब्यातलं आहे, घरी असा डबाभर माल पडलाय, हे तुझ्या बायकोला दे, असं त्यानं खुणांनी आणि अर्ध्या इंग्रजीत सांगितलं.

उरकुडेभाऊंनी विचारलं, "साहब, इसका नाम?"

"अरे," साहेब म्हणाला.

उरकुडेभाऊंना वाटलं, हाक मारली. "हां साहब?"

"अरे," साहेबानं नाण्यावर बोट ठेवलं.

"हां साहब, बोलो."

"अरे! अरे!"

उरकुडेभाऊ आम्हाला सांगायचे, "मले वाटलं, एवढा शांत माणूस, जाता जाता काऊन चिडून राह्यला?"

पुढं कळलं की त्या देशातल्या बारक्या पैशाचं नावच तसं आहे. त्यांच्या तोंडून ते आपल्याला ‘अरे’ असंच ऐकू येतं. मग नाण्याचं नाव आमच्यात कायमचं पडलं. उरकुडेबाई तर घरातल्या माणसासारखं विचारायच्या, "काय म्हणते आपलं अरे?"

* * *

रशीदभाईंनी भिंगाखाली धरलं तेव्हा एका बाजूला मुकुट होता आणि खाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन बाण. दुसरी बाजू साफ कोरी.

"घिसून गेली," रशीदभाई म्हणाले. "आधं नाणं दिलं तुमच्या साहेबानं."

उरकुडेभाऊंचा चेहरा पडला. मी फोटो काढून नागपूरच्या वकीलसाहेबांना पाठवला. हे वकीलसाहेब परदेशी नाण्यांतले दर्दी. कोर्टात कमी आणि नाण्यांत जास्त असायचे. त्यांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या रविवारी ते स्वतःच गाडी घेऊन बाकड्यापाशी हजर झाले.

त्यांनी कोरी बाजू उजेडात तिरपी धरून पाहिली. मग सांगायला लागले. टांकसाळीत नवा ठसा तयार झाला की आधी एखाद्या तांब्याच्या तुकड्यावर तो मारून पाहतात. ठसा नीट उठला का, मुकुट वाकडा तर नाही ना, एवढंच बघायचं असतं. म्हणून एकच बाजू. याला ट्रायल स्ट्राइक म्हणायचं. बघून झालं की असे तुकडे बहुतेक वितळवून टाकायचे. हा एक कसा कोण जाणे वाचला, पणजोबांच्या डब्यात गेला आणि तिथून गडचांदूरला आला.

"म्हणजे घासून कोरी झाली नाही," वकीलसाहेब म्हणाले. "कोरीच होती."

रशीदभाई विचारात पडले. "म्हणजे हे बाजारात कधी गेलंच नाई? कोणाच्या हातातून कोणाच्या हातात, काहीच नाई?"

"नाही."

"याच्यावर कोणी शेरभर मीठ नाई घेतलं?"

"नाही."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "रामटेके साहेब, ये तो बिलकुल तुमचंच नाणं निघालं. ट्रायल मारून ठेवून दिलं."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री क्वार्टरवर एकट्याचा स्वयंपाक करताना तेवढं हसू आलं नाही.

उरकुडेभाऊ मात्र अस्वस्थ झाले. साहेबाला माहीत नव्हतं म्हणून त्यानं दिलं, आपण ठेवून घेणं बरोबर नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. माझ्याकडून त्याला मेल पाठवला: तुमचं नाणं दुर्मीळ निघालं आहे, परत घ्या. तिकडून एकाच ओळीचं उत्तर आलं.

‘वडी जास्त दुर्मीळ होती.’

त्या दिवशी उरकुडेभाऊंनी बोलून दाखवलं. नागपूरच्या नाण्यांच्या प्रदर्शनात आपलं अरे एकदा काचेच्या पेटीत ठेवलेलं पाहायचं. खाली कार्डावर आपलं नाव पाहिजे, आणि नावाखाली चंद्रपूर. बाकी काही नको. वकीलसाहेब फोनवर म्हणाले, मी ठेवतो, माझा शब्द.

* * *

वकीलसाहेबांनी आणखी एक गंमत सांगितली होती. त्या देशात एक तांब्याची खाण होती, आणि तांबं इतकं निघायचं की पैसा तांब्याचाच करायचे. मोठ्या रकमेचं नाणं म्हणजे चक्क तांब्याचा पत्रा. चार कोपऱ्यांवर ठसे, मधोमध एक ठसा. काही इतके जड की एका माणसाला उचलायला जिवावर यावं.

कोवे गुरुजी त्या दिवशी होते. ते शांतपणे म्हणाले, "बरं होतं. चोर पण घेऊन पळे नाई."

त्यातले बरेच पत्रे पुढे जहाजात घालून हिंदुस्थानात आणले आणि तांबं म्हणून विकले. इथं कोणी त्यांना पैसा मानलं नाही. वितळवून भांडी केली.

हे उरकुडेभाऊंनी घरी जाऊन बाईंना सांगितलं. बाईंकडे माहेरून आलेला तांब्याचा गुंड होता. पाणी भरायचा, गळ्यापाशी थोडा चेमटलेला, आईच्याही आधीच्या बाईचा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, गुंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग हा?"

"हा काय?"

"हा बी तिकडचाच असेल ना?"

"असू शकते," उरकुडेभाऊ म्हणाले. तेवढंच ते चुकले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना कळलं की उरकुडेबाईंच्या घरचा गुंड स्वीडनच्या राणीचा आहे. लग्नकार्यात बाया भांडी मागायला येतात, तर बाई परात द्यायच्या, गंज द्यायच्या, गुंड नाही. "थो राणीचा आहे," म्हणायच्या. एका शेजारणीनं चिडून विचारलं, "राणीचा आहे तं तुमच्या घरी काऊन आहे?"

"तिनं खर्च केला," बाई म्हणाल्या.

* * *

आता मुख्य रामायण. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडच्या बाया दिवाळीच्या आधी तांब्या-पितळेची सगळी भांडी अंगणात काढतात आणि चिंच-राख लावून आरशासारखी करतात. बाईंनी राणीचा गुंड काढला. गुंड लखलख करायला लागला. मग त्यांच्या मनात आलं, त्या देशातलं एक भांडं एवढं उजळलं आणि ‘अरे’ बिचारं डबीत काळं पडून आहे. त्यांनी डबी उघडली.

इथं न जमवणाऱ्यांसाठी सांगतो. जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षं जो तपकिरी-काळपट रंग चढतो, तो मळ नाही, ती नाण्याची कातडी आहे. आम्ही नाणं पाहताना आधी ती पाहतो. घासलेलं नाणं कोणी हातात घेत नाही. आणि बाईंनी चिंच-राख लावून, मन लावून, विशेषतः कोरी बाजू घासली होती.

उरकुडेभाऊ ड्यूटीवरून आले तर तुळशीपाशी राणीचा गुंड आणि त्याच्या शेजारी ‘अरे’, दोन्ही उन्हात झगमगताहेत.

ते असे ओरडले की शेजारपाजारची माणसं गोळा झाली.

"ओरडून काऊन राह्यले जी?" बाई म्हणाल्या. "किती मळ होता त्याच्यावर. आणि साहेबानं मलेच तं देल्लं होतं."

"पण कोरी बाजू कायले घासली?"

"त्याच्याखाली काय आहे थे पाहासाठी. एवढा चांगला साहेब, एक बाजू रिकामी काऊन देईन?"

"त्याच्याखाली काहीच नाई! कोरीच आहे थे!"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "दिसलं मले."

उरकुडेभाऊ थांबले. "काय दिसलं?"

बाईंनी पदराला हात पुसले. "आता नाई सांगत. ओरडले ना तुम्ही माह्यावर."

ही बातमी मी वकीलसाहेबांना फोनवर दिली. ते वकिली आवाजात म्हणाले, "बाई सुखरूप आहेत ना? उरकुडेंनी काही केलं असेल तर आधी मला सांगा."

* * *

बाई सुखरूप होत्या. नाणं सुखरूप नव्हतं. असं लाल चकचकीत नाणं प्रदर्शनात ठेवता येत नाही, लोक हसतील, असं वकीलसाहेबांनी हळूच सांगितलं. रंग परत चढू द्या म्हणाले. आता तांब्यावर रंग चढायचा म्हणजे वर्षं लागतात. आमच्यात प्रत्येकाकडे उपाय होता.

रशीदभाईंनी ते सदऱ्याच्या खिशात घालून फिरवलं. पंधरवड्यात ते जास्तच चमकायला लागलं.

कोवे गुरुजी म्हणाले, माझ्याकडे द्या, भामरागडचा पावसाळा कशालाही काळं करतो. घेऊन गेले. नद्या चढल्या, रस्ता बंद झाला, फोनला रेंज नाही. उरकुडेभाऊ दर रविवारी बाकड्यावर बसून आभाळाकडे पाहायचे. तिकडे काय होत असेल, किती काळं पडलं असेल. शेवटी रस्ता उघडला. गुरुजी आले. त्यांनी पिशवीतून एक डबा काढला, डब्यातून फडकं, फडक्यातून नाणं. होतं तसंच लखलखीत.

"दुसऱ्याची वस्तू," गुरुजी म्हणाले. "खराब होऊ नाई म्हणून रोज टोरीचं तेल लावलं."

टोरी म्हणजे मोहाचं बी. त्या तेलात नाणं पावसाळाभर सुखात होतं.

शेवटी मी म्हणालो, माझ्या क्वार्टरच्या खिडकीत ठेवा. ऊर्जानगरची हवा. आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी पांढरा राहत नाही. लॅबमधला माणूस आहे मी, चिमणीतून काय निघतं ते मला माहीत आहे. नाणं खिडकीत बशीत ठेवलं, आणि महिन्याभरात त्याच्यावर पहिली तपकिरी छटा आली. आयुष्यभर ज्या हवेला शिव्या दिल्या, ती अशी कामाला आली.

तेव्हापासून ते नाणं माझ्याकडे होतं. खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं. सकाळी उठल्यावर खिडकीपाशी जाऊन पाहायचं, आज किती रंग चढला. घरात दुसरं कोणी नव्हतं ज्याचं रोज काही बदलत होतं. आणि दर आठवड्याला बाईंचा फोन यायचा. "रामटेके साहेब, जेवले का? काय म्हणते आपलं अरे?" मी सांगायचो, आज चहासारखा रंग आहे. मग त्या म्हणायच्या, "यांना सांगू नका, पण घासल्यावर होतं तसंच बरं दिसे, नाई?" आणि रविवारी उरकुडेभाऊंच्या पिशवीत माझ्यासाठी वडीचा डबा असायचा.

* * *

इकडे उरकुडेभाऊंच्या डोक्यात तो प्रश्न बसून राहिला होता. आम्ही सांगायचो, बाई गंमत करताहेत, कोऱ्या बाजूला काय दिसणार? तेही म्हणायचे, हाव, गंमतच. आणि घरी जाऊन परत विचारायचे.

बाई पण पक्क्या. आधी म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झाले का सांगीन." भाऊ रिटायर झाले. "आता नातू होऊ द्या." मुलगा पुण्याला असतो, त्याला मुलगी झाली. "मी नातू म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

एकदा भाऊंनी रागानं जेवण सोडलं. बाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवून झोपल्या. सकाळी भाऊंनी आम्हाला फोन करून विचारलं, "या बाईचं काय करू?"

"जेवा," रशीदभाई म्हणाले.

वर्षं गेली. मी रिटायर झालो, क्वार्टर सुटलं, चंद्रपुरात एका खोलीत आलो. नाणं बशीसकट बरोबर आणलं. आता त्याचा रंग असा झाला होता की वकीलसाहेब खास बघायला आले आणि म्हणाले, यंदाच्या प्रदर्शनात ठेवू. कोवे गुरुजी तोवर आपल्या गावी कायमचे गेले होते, दिवाळीलाही येईनासे झाले. उरलो तिघं.

मग बाई गेल्या. सकाळी बरं वाटत नाही म्हणाल्या, चंद्रपूरच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. रशीदभाईंनी दुकान बंद केलं, आम्ही दोघं गडचांदूरला गेलो. भाऊ ओसरीत बसले होते. माणसं येत होती, जात होती, ते प्रत्येकाला "बसा" म्हणत होते. आम्हाला पाहिलं तर हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, रडतील. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सांगितलं नाई तिनं."

तेरवी झाली. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. भाऊ म्हणाले, पाहू. मुलगा परत गेला. भाऊ एकटेच राहिले. रोज सकाळी राणीचा गुंड काठोकाठ भरायचे. एका माणसाला किती पाणी लागतं? संध्याकाळी तेच अंगणातल्या कडुनिंबाला घालायचे. बाकड्यावर यायचे, पण बोलायचे नाहीत. मला आठवड्याचा तो फोन यायचा बंद झाला होता. मोबाइल चार्ज करून ठेवायची सवय मात्र गेली नाही.

एका रविवारी भाऊ म्हणाले, "अरे माह्याकडे द्या आता."

मी दिलं. बशी मात्र ठेवून घेतली. ती अजून खिडकीतच आहे.

* * *

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि रशीदभाई भाड्याची गाडी करून भाऊंना घ्यायला गडचांदूरला गेलो. वकीलसाहेबांनी पेटी तयार ठेवली होती. कार्डाचा फोटो मला पाठवला होता: वर भाऊंचं नाव, खाली चंद्रपूर. रशीदभाईंनी नवा सदरा घातला होता. मी पहिल्यांदा इस्त्रीवाल्याकडून कपडे आणले होते.

घराचं दार उघडंच होतं. हाक मारली तर उत्तर नाही. आम्ही मागच्या अंगणात गेलो.

उरकुडेभाऊ भांडी घासायच्या दगडापाशी उकिडवे बसले होते. शेजारी वाटीत भिजवलेली चिंच, करवंटीत राख. प्रदर्शनासाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. हातात ‘अरे’. लाल, लखलखीत, त्या दिवाळीला होतं तसं. ते अजून घासतच होते, कोरी बाजू.

सकाळी उठून खिडकीपाशी जाऊन मी ज्याची वाट पाहिली होती ते सगळं दगडावरून वाहून मोरीत चाललं होतं. मग मी कसंबसं म्हणालो, "भाऊ, आज नागपूर."

त्यांनी वर पाहिलं नाही. नाण्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, अंगठ्यानं पुसलं, तिरपं धरून उन्हात पाहिलं. मग रशीदभाईंकडे हात लांब केला.

"पाहा बरं रशीदभाई. माह्या डोयाले नाई दिसून राह्यलं."

रशीदभाईंचं भिंग कायम त्यांच्या खिशात असतं. त्यांनी ते काढलं, डोळ्याला लावलं. नाणं उजेडात धरलं. नवा सदरा घालून, चिखलात गुडघा टेकून ते पाहत राहिले. घड्याळ पाहतात तसंच, श्वास रोखून. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कोणी गेलं नाही.

"हाव," रशीदभाई म्हणाले. "दिसून राह्यलं."

भाऊंनी मान वर केली. "काय आहे?"

रशीदभाईंनी भिंग काढून खिशात ठेवलं. नाणं भाऊंच्या ओल्या हातावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटली.

"नाई सांगत," ते म्हणाले. "ओरडले होते ना तुम्ही तिच्यावर."

उरकुडेभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग हसायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता राखेच्या हातानंच डोळे पुसले.

"थे बी अशीच म्हणे," ते म्हणाले.